पाय गेलेला चॅम्पियन बैल वळू करावा का?

नावाजलेला बैल मैदानात जायबंदी झाला की आपल्या सातारा-सांगलीकडं दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर एकच विषय. एक म्हणतो, "पळणं संपलं, आता वळू म्हणून ठेवा, गाई घेऊन रांग लागंल." दुसरा म्हणतो, "लंगड्याची पैदास लंगडीच निघणार." माझ्या मते दोघंही अर्धंच बोलतात. उत्तर हवं असेल तर थोडं मागं जाऊ.

खिलार शर्यतीसाठी घडलेला नाही. माण, खटाव, आटपाडी, जत हा दुष्काळी मुलूख. कमी चाऱ्यावर तगणारा, मोट ओढणारा, लांबच्या वाटेवर गाडी नेणारा बैल इथं लागायचा. थिलारी धनगरांनी आणि शेतकऱ्यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या निवडून घडवला. खरसुंडीच्या किंवा पुसेगावच्या यात्रेत जाणता माणूस आजही खोंड घेताना आधी खूर आणि पायाची ठेवण बघतो. निवडक खोंड वळू म्हणून राखायचे, बाकीचे खच्ची करून कामाला जुंपायचे, ही जुनी रीत. इंग्रजांच्या काळात तर मुंबई इलाख्यात १९३३ साली पशुधन सुधारणेचा कायदाच आला. वळू ठेवायला परवाना, आणि हीण वळू खच्ची करायचा. म्हणजे वळू कोण, हा प्रश्न कधीच एकट्या मालकाचा नव्हता, सगळ्या गावाच्या गोठ्याचा होता.

पुढं ट्रॅक्टर आला, संकरित गाई आल्या, बैलाचं काम गेलं. उरली शर्यत. तीही जुलै २०११ च्या केंद्राच्या अधिसूचनेनं अडचणीत आली आणि ७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टानं बंद केली. २०१७ ला राज्यानं कायदा केला, तोही कोर्टात अडकला. १६ डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं कायदा वैध ठरवला. या लढाईत आपला मोठा मुद्दा काय होता? शर्यत टिकली तर देशी गोवंश टिकेल. मग आता तो शब्द पाळायची वेळ आपली आहे.

अपघातात मोडलेला पाय वासरात उतरत नाही. चाकात अडकून किंवा खड्ड्यात पडून जखम झाली असेल, तर रक्तात दोष नाही. पण पायाची ठेवणच वाकडी, खूर कच्चा, सांधा आधीपासून दुखरा असेल आणि वेग घेतल्यावर तो निकामी झाला असेल, तर तो कमकुवतपणा पुढच्या पिढीत उतरू शकतो. तिथं कितीही बक्षिसं असली तरी वळू करू नये.

दुसरी गोष्ट जनावराच्या वेदनेची. गाईवर चढताना वळूचा सगळा भार मागच्या पायांवर येतो. अमेरिकेत २००६ साली केंटकी डर्बी जिंकलेल्या बारबारो घोड्याचा दोनच आठवड्यांनी पुढच्या शर्यतीत मागचा उजवा पाय मोडला. जातिवंत शर्यती घोड्यांत कृत्रिम रेतन चालत नाही, घोडीवर प्रत्यक्ष चढावंच लागतं. त्यामुळं तो वाचला असता तरी पैदास अवघडच होती. जानेवारी २००७ मध्ये त्याला मरण द्यावं लागलं. आपल्या बैलाला असं बंधन नाही. वीर्य गोठवून कांड्या करता येतात, पण त्यासाठी पशुवैद्यकाकडून तपासणी हवी. दुखऱ्या पायावर रोज गाई लावून पैसे वसूल करणं हे बैलावर प्रेम नव्हे.

तिसरी गोष्ट, एकाच चॅम्पियनची वासरं गावोगाव झाली की पुढच्या पिढीत भावाबहिणींचाच संकर होतो. आणि निम्मं रक्त गाईचं असतं, हे आपण विसरतो. तिची चौकशी कोण करतं?

२०१५ पासून राज्यात बैलाची कत्तल बंद आहे. म्हणजे जायबंदी बैल शेवटपर्यंत सांभाळायचाच आहे. ज्यानं आपल्याला मैदान मारून दिलं त्याला वैरण-पाणी द्यायला तो वळू असायची अट कशाला?

म्हणून माझं मत: जखम अपघाताची, ठेवण निर्दोष, आईबाप माहीत, डॉक्टरची संमती आणि गाई मोजक्या, तर जरूर वळू करा. नाहीतर दावणीला सुखानं राहू द्या. आपल्या भागातल्या जाणत्या बैलवाल्यांचा अनुभव काय सांगतो, खाली जरूर लिहा.