फ्रेयरचं बोट ते लेझर : प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेचा इतिहास

(देवळा येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, विषयाचं नाव ऐकून काही जण गालातल्या गालात हसले. हसा, हरकत नाही. पण पारावर गुडघ्यांची चर्चा होते, मोतीबिंदूची होते, साखरेची तर रोजच होते. लघवीची होत नाही. रात्रीतून चार वेळा उठणारे आबा "वय झालं आता" एवढंच सांगतात. मग एखाद्या दिवशी उमराण्याच्या मार्केटात कांद्याचा ट्रॅक्टर रांगेत लावून दिवसभर थांबल्यावर लघवी एकदम तुंबते, आणि रात्रीच्या रात्री मालेगाव नाहीतर नाशिक गाठावं लागतं. आजचा इतिहास या तुंबलेल्या लघवीचा आहे.

प्रोस्टेट, म्हणजे पौरुषग्रंथी, मूत्राशयाच्या तोंडाशी मूत्रनलिकेभोवती बसलेली असते. तरुणपणी अक्रोडाएवढी. साठीच्या आसपास निम्म्या पुरुषांत तिचा आतला भाग वाढलेला सापडतो. हा कर्करोग नव्हे. संत्र्याचं चित्र डोळ्यांसमोर आणा: आतला गर फुगतो, बाहेरची मूळ ग्रंथी दाबली जाऊन सालीसारखी पातळ होते, आणि मधून जाणारी नळी चेपते. ही साल आणि गर लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताचे प्रकार दिले आहेत. त्यातला एक वाताष्ठीला. मलमार्ग आणि मूत्राशय यांच्या मध्ये दगडासारखी घट्ट गाठ होते आणि मल, मूत्र, वारा अडवते, असं त्याचं वर्णन. हे प्रोस्टेटच, असं अनेक वैद्य मानतात. जागा जुळते, लक्षणं जुळतात; पण ग्रंथी म्हणून वेगळा अवयव तिथे सांगितलेला नाही, तेव्हा "आपल्याला सगळं आधीच माहीत होतं" असं म्हणायची घाई मी करणार नाही. सुश्रुताची खरी थोरवी मुतखड्याच्या शस्त्रक्रियेत आहे. ती त्याने पायरीपायरीने लिहून ठेवली, आणि रोगी दगावू शकतो हेही लपवलं नाही.

त्यानंतर शेकडो वर्षं उपाय एकच, नळी. धातूची, मग रबराची. युरोपातले म्हातारे आपली नळी बरोबर बाळगायचे आणि दिवसातून चार-पाच वेळा स्वतःच घालायचे. जंतू असतात हेच ठाऊक नव्हतं, त्यामुळे बरेच जण तुंबून नव्हे तर तापाने जायचे. १८९३ मध्ये फिलाडेल्फियाच्या विल्यम व्हाइट या सर्जनने तर सुचवलं की वृषण काढून टाका, गाठ आकसेल. विचार अगदीच वेडगळ नव्हता, ही ग्रंथी पुरुष-संप्रेरकावरच पोसली जाते. काही वर्षं शेकडो म्हाताऱ्यांवर हे केलं गेलं. लघवीसाठी माणूस काय काय सोसायला तयार होतो, बघा!

आता गोष्ट आपल्या देशाकडे वळते. आयर्लंडच्या गॉलवे भागातला पीटर फ्रेयर १८७५ मध्ये इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये आला आणि वीसेक वर्षं आजच्या उत्तर प्रदेशात राहिला. तिथे मुतखड्याचे रोगी अमाप. १८७८ मध्ये बोस्टनच्या बिगेलोने पोट न कापता मूत्रमार्गातून खडा फोडून लगेच चूर्ण धुऊन काढायची रीत सांगितली होती. ती हिंदुस्थानात झपाट्याने रुजली. होळकरांच्या इंदूरला रेसिडेन्सी सर्जन कीगन लहान मुलांवरही ती करत होता, आणि विलायतेतले सर्जन "मुलांत हे शक्यच नाही" म्हणत होते! फ्रेयरने रामपूरच्या नवाबाचा खडा काढला, नवाबाने लाख रुपये दिले, आणि त्या फीवरून सरकारदरबारी मोठी खळखळ झाली. त्या काळचे लाख, मंडळी.

हात असा इथल्या रोग्यांवर बसला. मग फ्रेयर लंडनला परतला आणि १ डिसेंबर १९०० रोजी त्याने पहिली प्रोस्टेट काढली. ओटीपोटावर चीर, मूत्राशय उघडायचा, आत बोट घालायचं, दुसऱ्या हाताचं बोट गुदद्वारातून घालून गाठ वर उचलायची, आणि साल व गर यांच्यामधल्या फटीतून नखाने गर सोडवायचा. डोळ्यांना काही दिसत नाही, सगळं बोटाला कळतं. काही मिनिटांत अख्खी गाठ बाहेर! १९१२ पर्यंत त्याच्या हजार शस्त्रक्रिया झाल्या होत्या. "ही माझी रीत" असं तो म्हणायचा. ते काही खरं नाही. न्यूयॉर्कचा यूजीन फुलर १८९४ पासून हेच करत होता, आणि तिथल्याच गितेरासने लंडनला येऊन फ्रेयरला ते सांगितलं होतं. पण फ्रेयरने ते गाजवलं, शिकवलं, म्हणून नाव त्याचं राहिलं. रक्तस्राव मात्र भरपूर व्हायचा. १९४५ मध्ये टेरेन्स मिलिन या दुसऱ्या आयरिश माणसाने मूत्राशय न उघडता समोरून जायची वाट दाखवली.

तोवर अमेरिकेत वेगळा विचार चालू होता. चीरच कशाला? १९२६ मध्ये स्टर्नने आणि पुढे मॅकार्थीने मूत्रमार्गातून घालायचं यंत्र सुधारलं. विजेवर तापलेल्या तारेच्या फासाने गाठ आतून किसत जायची, खोबरं किसतो तशी. आपण "दुर्बिणीचं ऑपरेशन" म्हणतो ते हेच, टीयूआरपी. दुर्बीण स्वच्छ झाली ती १९५९ मध्ये, हॅरॉल्ड हॉपकिन्सच्या काचदांड्यांच्या भिंगांनी. पण अडचण पाण्याची. आतलं दिसावं म्हणून सतत द्रव सोडावा लागतो, आणि खारट पाणी वीज वाहून नेतं, म्हणून जुन्या यंत्रात बिनमिठाचा द्रव वापरायचे. तो कापलेल्या शिरांतून रक्तात गेला की सोडियम उतरतं. रोगी बरळायला लागतो, कधी जिवावर बेततं. म्हणून तासाभरात आटपा, आणि फार मोठी गाठ असेल तर पोटच उघडा, असा दंडक पडला.

आता लेझर. पहिला लेझर १९६० चा, मायमनचा. आणि शस्त्रक्रियेत ज्याने खरं नाव काढलं तो कार्बन डायऑक्साइड लेझर १९६४ मध्ये बेल प्रयोगशाळेत बनवला कुमार पटेल यांनी. जन्म बारामतीचा, १९३८ चा. पदवी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची. आपल्या शाळांमध्ये हे नाव किती मुलांना माहीत आहे? पण गंमत अशी की बारामतीकराचा हा लेझर प्रोस्टेटला निरुपयोगी. त्याचा किरण पाण्यात शिरताच केसभरसुद्धा पुढे जात नाही, आणि साध्या काचतंतूतूनही वाहत नाही. प्रोस्टेटचं सगळं काम तर पाण्याखाली!

मग १९९० च्या सुमारास एनडी-याग आला. तो खोल जातो, पण गाठ शिजवून आतच ठेवतो. मेलेला भाग आठवड्या-आठवड्यांनी गळतो, तोवर जळजळ आणि नळी. लोक निराश झाले. "लेझर" या शब्दावर विश्वास टाकून ज्यांनी पैसे मोजले त्यांचं काय झालं, हे जाहिरातींत येत नाही. पुढे हिरवा लेझर आला. तो पाण्यातून जातो, रक्ताच्या लाल रंगात शोषला जातो आणि गाठीची वाफ करतो.

खरा पालट झाला न्यूझीलंडच्या टौरांगा गावी. पीटर गिलिंग आणि सहकाऱ्यांनी होल्मियम लेझर घेतला. हा काचतंतूतून वाहतो, पाण्यात अर्ध्या मिलिमीटरच्या आतच संपतो, म्हणजे तंतूचं टोक जिथे, काम तिथेच. सुरुवातीला त्यांनी तुकडे कापून पाहिले. मग लक्षात आलं, साल आणि गर यांच्यामधली फट तर आहेच! फ्रेयरचं नख जिथून फिरायचं, तिथूनच लेझर फिरवायचा, गाठ अख्खी सोडवून मूत्राशयात ढकलायची आणि तिथे दळून शोषून घ्यायची. १९९८ च्या सुमारास ही रीत, होलेप, पूर्ण झाली. द्रव खारट चालतो, म्हणून सोडियमची भीती गेली. मोठ्या गाठीलाही पोट उघडायला नको.

मग सगळीकडे हेच का होत नाही? हात बसायला वेळ लागतो. मुंबईच्या सर्जनांनी २००७ मध्ये आपला अनुभव मांडला, त्यात सुमारे पन्नास शस्त्रक्रियांनंतर सफाई येते असा हिशेब होता. पहिल्या पन्नासांत कोण असणार, हा प्रश्न फ्रेयरच्या हिंदुस्थानातल्या रोग्यांनाही कोणी विचारला नव्हता. म्हणून पाटीवर "लेझर" वाचून हुरळू नका. कोणता लेझर, आणि तुम्ही किती केल्या, हे डॉक्टरांना सरळ विचारा. चांगला डॉक्टर रागावत नाही. मध्यम गाठीला अनुभवी हातातला टीयूआरपी आजही उत्तम आहे, आणि आता तोही खारट पाण्यात करता येतो. कित्येकांना तर गोळ्यांवरच भागतं. शस्त्रक्रिया कोणतीही असो, नंतर वीर्य बहुधा बाहेर न येता मागे मूत्राशयात जातं. हे आधी सांगितलं गेलं पाहिजे, आणि आबांना एकट्याला नव्हे, आजींनाही.

आणखी एक विचारा. वाफ करणाऱ्या लेझरने गाठीचं काही उरत नाही. होलेपमध्ये आणि टीयूआरपीमध्ये तुकडे हाती येतात, आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली गेले तर साध्या समजलेल्या गाठीत कधी कधी कर्करोग लपलेला सापडतो. तो तुकडा तपासायला जातो की नाही, आणि त्याचा कागद तुमच्या फायलीत लागतो की नाही, एवढं बघूनच घरी या.