बिडाचा ठोकळा आणि ओतणारे हात

पवनीत इतिहासाचा विषय निघाला की जगन्नाथ टेकडीचा स्तूप आणि गावचा किल्ला यांवर व्याख्यान होणार, हे ठरलेलेच. ते योग्यही आहे. आम्ही मात्र आज एका काळ्या, जड ठोकळ्याविषयी बोलणार आहोत. वैनगंगेच्या काठी ज्यांनी ऑइल इंजिन लावून धानाच्या बांध्यांना पाणी दिले, त्यांना हा ठोकळा नवा नाही. इंजिनाचा ब्लॉक तो हाच. आमचे शालेय शिक्षण बेताचे. पुढची शाळा म्हणजे ओतशाळा आणि सार्वजनिक वाचनालय. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा श्रोत्यांनी ठेवू नये.

ब्लॉक म्हणजे इंजिनाचे धड. त्यातील सिलिंडरांत दट्टे वरखाली होतात, खाली क्रँकशाफ्ट फिरतो, आणि सिलिंडरांभोवतीच्या पोकळीतून पाणी खेळते. बाहेरून साधा दिसणारा हा ठोकळा ओतणे फार कठीण. प्रथम लाकडाचा नमुना करायचा, तोही किंचित मोठा. कारण बीड थिजताना शेकडा सुमारे एक भाग आकसते. मग वाळूचा साचा. आतल्या पोकळ्यांसाठी वाळूचेच गाभे करून भट्टीत भाजायचे व साच्यात बसवायचे. गाभा सुताभर सरकला तर भिंत एका बाजूस पातळ होते. नीट भाजला नाही तर त्यातून वायू सुटून बिडात भोके पडतात. या बिडात मँगनीज असावे लागते, कारण गंधकाचा उपद्रव ते आवरते. मँगनीजचे खनिज आपल्याच जिल्ह्यात, डोंगरी बुजुर्ग आणि चिखला येथील खाणींतून निघते. तेव्हा हा विषय पवनीला परका आहे असे कोणी मानू नये.

महाराष्ट्रात ओतकामाला कारखान्याचे रूप आले त्यात लक्ष्मणराव किर्लोस्करांचा वाटा मोठा. औंध संस्थानातील माळरानावर १९१० साली त्यांनी किर्लोस्करवाडी वसविली, तेथे लोखंडी नांगर होऊ लागले. साताऱ्यास धनजीशा कूपर यांच्या कारखान्यानेही नांगरापासूनच आरंभ केला आणि १९३० नंतरच्या दशकात डिझेल इंजिनापर्यंत मजल मारली. हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री होते. पुढे १९४६ साली खडकीस किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. नांगराचा फाळ ओतणाऱ्या हातांनीच पुढे ब्लॉक ओतला, हा क्रम ध्यानात घ्यावा. आकाशातून पडलेली विद्या ती नव्हे.

कोल्हापूरची कथा निराळी. तेथे बडा कारखानदार आधी आला नाही. उसाचे चरक आणि विहिरीवरची इंजिने दुरुस्त करणारे मिस्त्री पुढे सुटे भाग ओतू लागले, मग पुरी इंजिने करू लागले. म्हादबा मेस्त्रींचे नाव तेथे आजही आदराने घेतात. मूळ कंपनीचा भाग मिळेना किंवा परवडेना, म्हणून दुसऱ्याने तो ओतला, आणि ओततां ओततां त्यात सुधारणा केली. या कामाला नक्कल म्हणून हिणविणारे पुष्कळ आहेत. आम्हाला ते शिक्षण वाटते.

हीच गोष्ट अमेरिकेत शर्यतीच्या मोटारींच्या निमित्ताने घडली. १९३२ साली फोर्डने आठ सिलिंडरांचा ब्लॉक एकाच ओतीत काढला. इंजिनाची शक्ती ६५ अश्वशक्ती. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील तरुणांनी असली जुनी इंजिने घेऊन सिलिंडर रुंद केले आणि शक्ती वाढविली. पण कारखान्याचा ब्लॉक घरच्या प्रवासासाठी बेतलेला. सिलिंडर रुंद केला की भिंत पातळ होते, दाब वाढला की ती तडकते, क्रँकशाफ्ट धरून ठेवणाऱ्या टोप्या हलू लागतात. मग मूळ कंपनीबाहेरचे कारागीर निराळे ब्लॉक ओतू लागले. १९७१ साली एड डोनोव्हन यांनी क्रायस्लरच्या इंजिनाच्या धर्तीवर ॲल्युमिनियमचा ब्लॉक बाजारात आणला. त्यात सिलिंडरांची नळकांडी वेगळी बसविलेली. एक बिघडले तर तेवढेच बदलावे. पुढच्या ब्लॉकांत भिंती जाड झाल्या, टोप्यांना दोहोंऐवजी चार बोल्ट आले. आज तेथील सर्वांत वेगवान गाड्यांची शक्ती दहा हजार अश्वशक्तीच्या वर आहे. आपल्या शेतावरचे इंजिन बहुधा पाच अश्वशक्तीचे!

परंतु फोर्डच्या त्या कीर्तिमान ब्लॉकाची दुसरी बाजू आहे. सुरुवातीस ओतलेल्यांपैकी कितीतरी ब्लॉक सदोष म्हणून पुन्हा भट्टीत गेले. अवघड ओतकामात हे घडायचेच. प्रश्न असा की त्याचा भार कोणी सोसावा?

काही वर्षांपूर्वी एका ओतशाळेतील मोल्डरांनी आम्हाला बोलाविले. सदोष ब्लॉकांचे पैसे त्यांच्या पगारातून कापले होते. आम्ही नेहमीप्रमाणे फाटकावर घोषणा दिल्या. उपयोग झाला नाही. मग एका वयस्क मोल्डरने टाकलेला ब्लॉक घणाने फोडला. भोके साच्याच्या बाजूस नव्हती, गाभ्याच्या बाजूस होती. गाभे कमी भाजले होते, आणि इंधन वाचविण्यासाठी भाजण्याची वेळ घटविण्याचा हुकूम वरून आला होता. कामगाराला बाजू मांडू दिल्यावाचून नुकसानीची कपात करू नये, असे १९३६ च्या वेतन कायद्यातच लिहिले गेले होते. तो ब्लॉकाचा तुकडा टेबलावर ठेवून आम्ही ते वाचून दाखविले. कपात परत मिळाली. मात्र ज्याने ब्लॉक फोडला तो कंत्राटी होता. पुढच्या महिन्यात त्याला काम मिळाले नाही. त्याच्यासाठी आम्ही काही करू शकलो नाही, हेही येथे सांगितले पाहिजे.

इंजिन हे कारखान्याचे मर्म आहे, हे अमेरिकेतील कामगारांनी फार पूर्वी ओळखले होते. फ्लिंट शहरातील संपात १ फेब्रुवारी १९३७ रोजी त्यांनी शेव्हरोलेचा इंजिनांचा कारखाना ताब्यात घेतला आणि दहा दिवसांत जनरल मोटर्सला संघटनेशी करार करावा लागला. आपल्याकडील लहान ओतशाळांत असे बळ एकवटत नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याने विजेवर चालणाऱ्या जागेसाठी दहा कामगारांची मर्यादा घातली. ज्या छपरात सात-आठ माणसे, ते त्याच्या कक्षेबाहेर राहिले. वाळूची धूळ मात्र माणसे मोजून फुप्फुसात शिरत नाही. लहान मिस्त्रीला आम्ही तरुणपणी सरसकट शत्रू मानीत होतो. आता तसे मानीत नाही. विद्या त्यानेच गावोगाव नेली. पण ती शिकणाऱ्याच्या छातीची जबाबदारी त्याने घेतली पाहिजे, आणि घेत नसेल तर आपण ती मागितली पाहिजे.

विजेच्या मोटारीला असा ठोकळा लागत नाही. त्याचा काळ उद्या ओसरेलही. तोवर काठावरचे इंजिन सुरू करताना त्याच्या अंगावरचे उठावाचे नाव जरूर वाचावे. ते कंपनीचे आहे. अक्षरे वाळूत ज्याने उमटविली त्याचे नाव, पत्ता आणि प्रकृती यांची चौकशी करणे, एवढे काम आमच्यासारख्यांना उरले आहे. त्यात आपलेही साह्य असावे, इतकीच विनंती.