सह्याद्रीच्या घाटवाटा

सह्याद्रीची मुख्य रांग समुद्राला जवळजवळ समांतर धावते. तिच्या पूर्वेकडचा देशाचा मुलूख हळूहळू उतरत जातो, पण पश्चिमेला ती कोकणावर एकदम कोसळते. लाव्हाचे थर एकावर एक साचून हा डोंगर झाला असल्याने कड्यांना पायऱ्यांसारखे टप्पे पडले आहेत. जिथे पाण्याने खडक चिरला तिथे नाळ तयार झाली, जिथे डोंगराची सोंड खाली उतरली तिथे माणसाला चढायला धार मिळाली. बंदरावरून निघून मिठागरे, भातखाचरे आणि रान ओलांडत घाटमाथ्यावर पोचणाऱ्या शेकडो वाटा या दोनच आधारांवर उभ्या राहिल्या. आज सुटीच्या दिवशी त्या पाठपिशवी घेऊन चढल्या जातात. त्या पडल्या मात्र ओझ्यामुळे.

वाट कुठून जाईल हे मुख्यतः बैलाने ठरवले. गोणी लादलेला बैल मोठमोठ्या धोंड्यांनी भरलेली नाळ चढू शकत नाही. त्याला सोंडेवरून वळणे घेत जाणारी, बेताच्या चढाची वाट लागते. म्हणून व्यापारी घाट लांबचा वळसा घेतात, आणि शिडी किंवा निसणी लावून चढायच्या वाटा गावकऱ्यांच्या पायांपुरत्या राहिल्या. भीमाशंकराला कोकणातल्या खांडसहून जाणाऱ्या दोन वाटांत हा फरक अजून दिसतो: शिडी घाट जवळचा आणि अवघड, गणेश घाट लांबचा आणि सोपा. कोकणातून वर मीठ, सुकी मासळी, नारळ आणि तांदूळ जाई; देशावरून कापूस, गूळ, तूप, धान्य उतरे. मीठ हा यातला सर्वांत भरवशाचा माल होता, कारण देशावर ते पिकत नाही आणि त्यावाचून कोणाचेच चालत नाही. पावसाळ्यात दर्यावरची वाहतूक थांबे आणि त्याच महिन्यांत घाटही निसरडे होत, त्यामुळे बंदर आणि घाट यांचा हंगाम आपोआप जुळलेला असे. पाऊस सरला की लमाणांचे तांडे हलत.

या वाटांचा सर्वांत जुना लेखी पुरावा नाणेघाटात आहे. कोकणातल्या वैशाखरे गावाकडून रानातून चढत गेले की शेवटच्या टप्प्यात वाट दोन कड्यांमधल्या अरुंद खिंडीत शिरते. तिथे मोठे दगड बसवलेली फरसबंदी आहे. शेजारी खोदलेले लेणे, त्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला लांबलचक लेख, जवळपास पाण्याची टाकी. लेख सातवाहन राणी नागनिकेचा. त्यात अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची यादी आहे आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, हत्ती, घोडे, कार्षापण नाण्यांचे आकडे आहेत. यज्ञांच्या यादीपेक्षा हे आकडेच पुढे जास्त महत्त्वाचे ठरले, कारण भारतीय अंकलेखनाच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत त्यांची गणना होते. मागच्या भिंतीशी सिमुक, सातकर्णी, नागनिका आणि राजघराण्यातील इतरांच्या प्रतिमा होत्या. आता वर नावे आणि खाली पावलांच्या खुणा उरल्या आहेत. राजघराण्याची अशी ओळख राजवाड्यात न ठेवता चढणीच्या माथ्यावर का ठेवावी, याचे उत्तर उघड आहे: येणारा-जाणारा प्रत्येक व्यापारी इथून जात होता. माथ्यावरचा दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता असे परंपरा सांगते. घाटाच्या नावाचा उगमही लोक त्यातच शोधतात.

नाणेघाटाच्या खाली कल्याण आणि सोपारा ही बंदरे, वर जुन्नर आणि पुढे पैठण. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दीने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये कल्याणचा उल्लेख आहे. हे बंदर पूर्वी खुले होते, पण पुढे सत्तासंघर्षात तिथे आडकाठी येऊ लागली आणि तिकडे लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे तो सांगतो. पैठण आणि तेरचा माल गाड्यांवरून भडोचला जाई, असेही तो नोंदवतो. बंदर अडले की घाट ओस पडतो, हा नियम या वाटांच्या इतिहासात पुन्हा पुन्हा खरा ठरतो.

पुण्याकडे चढणाऱ्या बोरघाटाभोवतीही लेण्यांचे जाळे आहे: पायथ्याशी कोंडाणे, माथ्याजवळ कार्ले, भाजे, बेडसे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर दान देणाऱ्यांची नावे कोरली आहेत. त्यांत सोपाऱ्याचे लोक आहेत, यवन म्हणजे ग्रीकही आहेत. भिक्खू वाटेच्या कडेला राहिले, कारण दाते वाटेवरून येत होते.

मराठेशाहीत वाटेचे मोल व्यापाराइतकेच लष्करी झाले. 1656 मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेतली ती पार घाटासकट. त्या घाटावर नजर ठेवणारा प्रतापगड त्यानंतर बांधला गेला. 1659 मध्ये अफजलखान वाईहून रडतोंडीच्या घाटाने पारला उतरला. त्याच्या फौजेला हत्ती-घोड्यांसह त्या रानातून हालचाल करणे किती जड होते, हे त्या घाटाच्या नावावरूनही कळते. 2 फेब्रुवारी 1661 रोजी उंबरखिंडीत याचीच पुनरावृत्ती झाली. कारतलबखान उझबेगाची मोगली फौज कुरवंड्याच्या घाटाने कोकणात उतरत होती. चिंचोळी वाट, दोन्ही बाजूंना दाट जंगल, पाणी जवळ नाही. मराठ्यांनी पुढून आणि मागून वाट रोखली, आणि खानाला शरण जाऊन खंडणी देऊन सुटावे लागले. शांततेच्या काळात हेच घाट नाक्यांवरच्या जकातीचे साधन होते. घाटमाथ्यावरचे महादेव कोळी नाईक त्यांची राखण करीत. बोरघाटाच्या पायथ्याला खोपोलीत नाना फडणविसांनी तलाव बांधला. घाट चढण्याआधी आणि उतरल्यावर प्रवाशांना व जनावरांना त्याचा मोठा आधार होता.

इंग्रजांनी या साऱ्या जाळ्यातून मोजके घाट निवडले. 1830 मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी बोरघाटातला गाडीरस्ता खुला केला आणि पाठीवरचे ओझे चाकांवर गेले. खरा घाव मात्र आगगाडीने घातला. अभियंता जेम्स बर्कलेच्या आखणीनुसार बोरघाटातल्या रेल्वेच्या चढणीचे काम 1856 मध्ये सुरू झाले आणि 1863 मध्ये पुरे झाले. मधेच, 1859 मध्ये, कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात येऊन थोड्याच दिवसांत वारला, आणि त्याची बायको ॲलिस हिने ते काम पुढे चालवले. 25 बोगदे आणि 37 फुटांमागे एक फूट असा चढ असलेल्या या मार्गावर हजारो मजूर अपघात आणि रोगराईला बळी पडले. 1865 मध्ये थळघाटातूनही रेल्वे गेली. मीठ आणि तांदूळ आता डब्यांतून पुण्याला पोचू लागले. लमाणांचे तांडे ज्या वाटांवर जगले, त्या वाटांना कारणच उरले नाही.

दुर्गम रानातल्या वाटा रेल्वेच्या आधी बंडखोरांच्याही कामी आल्या होत्या. अकोले-जुन्नरच्या डोंगरात उठाव करणाऱ्या राघोजी भांगरे यांना 1848 मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. पुढे वनकायदे आले, राखीव जंगले झाली, आणि या रानांतला वावरही मोकळा राहिला नाही.

विसाव्या शतकात या वाटांना दुसरे ग्राहक मिळाले. गो. नी. दांडेकरांनी गडकोटांवरच्या भटकंतीतून मराठी वाचकाला डोंगराकडे वळवले. आनंद पाळंदे यांच्या ‘डोंगरयात्रा’ने वाट शोधणाऱ्यांना नेमके मार्गदर्शन दिले. मुळशीच्या मागून भिऱ्याकडे उतरणारी अंधारबनाची वाट, हरिश्चंद्रगडाची नळीची वाट, साधले घाट ही नावे आता शहरातल्या तरुणांना पाठ असतात. जुन्या वाटा मोकळ्या राहण्याचे थोडे श्रेय त्यांना द्यावे लागते, तसेच काही वाटांवरच्या प्लॅस्टिकचेही.

दक्षिणेकडे चित्र वेगळे आहे. कोयना आणि चांदोलीच्या रानांतली गावे उठली आणि 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. या भागातल्या जुन्या घाटवाटांवर वनखात्याच्या परवानगीशिवाय जाता येत नाही, आणि बऱ्याच वाटा चालणारे पाय नसल्याने कारवीखाली गेल्या आहेत.