रंगांचा हिशेब



संगणकावर छायाचित्राचे रंग सुधारणे हे काम आज इतके सर्वत्र झाले आहे की त्याला काही इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. लग्नाचे अल्बम करणारा स्टुडिओ घ्या, निवडणुकीचे फलक करणारे दुकान घ्या, वर्तमानपत्राची कचेरी घ्या. पडद्यापुढे एखादा तरुण किंवा तरुणी बसलेली असते, बोटे हलतात, आणि मळकट आकाश निळे होते. पाहणारा म्हणतो, 'कॉम्प्युटरने केले.' हे वाक्य आम्हांला खटकते. आमची तीस वर्षे छापखान्यांतील आणि त्यांना जोडून असलेल्या धंद्यांतील कामगारांची संघटना बांधण्यात गेली. कॉलेजची पायरी आम्ही चढलो नाही; जे शिकलो ते वाचनालयात आणि कामगारांच्या तोंडून. यंत्राने केले असे ज्या कामाविषयी म्हणतात त्याच्या मुळाशी कोणाचा तरी हात आणि कोणाचा तरी डोळा असतो, असा आमचा आजवरचा अनुभव आहे. रंगांच्या बाबतीत तो कितपत खरा ठरतो हे आज तपासून पाहावयाचे आहे.

प्रथम संगणकाच्या दृष्टीने रंग म्हणजे काय ते पाहू. संगणकाला रंग दिसत नाही. त्याला फक्त संख्या ठेवता येतात. चित्राचे लाखो बारीक ठिपके करावयाचे आणि प्रत्येक ठिपक्यापुढे तांबडा, हिरवा व निळा अशा तीन प्रकाशांचे प्रमाण लिहून ठेवावयाचे, एवढाच त्याचा व्यवहार. नेहमीच्या चित्रात प्रत्येक प्रकाशाला ० पासून २५५ पर्यंत २५६ पायऱ्या असतात. तिन्हींचा गुणाकार केला की १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ रंग होतात. तिन्ही संख्या शून्य म्हणजे काळा, तिन्ही २५५ म्हणजे पांढरा, आणि मधल्या कोठल्याही तीन सारख्या संख्या म्हणजे राखाडी. रंग सुधारणे म्हणजे या संख्या बदलणे. पण कोणती संख्या किती बदलावी, आणि 'सुधारले' असे कशाला म्हणावे, हे त्या संख्या सांगत नाहीत. ते ज्यांनी ठरविले त्यांची ही हकीकत आहे.

थोड्या रंगांतून सारे रंग साधण्याची युक्ती संगणकाहून फार जुनी आहे. फ्रँकफुर्टमध्ये जन्मलेल्या याकोब ल ब्लाँ याने अठराव्या शतकाच्या आरंभी निळा, पिवळा व तांबडा अशा तीन पत्र्यांचे छाप एकावर एक घेऊन रंगीत चित्रे काढली. १७१९ मध्ये इंग्लंडच्या राजाकडून त्याला त्याचा एकाधिकारही मिळाला. त्याची कंपनी टिकली नाही. मूळ चित्रात निळा किती आणि तांबडा किती हे वेगळे काढण्याचे साधन त्याच्याजवळ स्वतःच्या डोळ्याखेरीज दुसरे नव्हते.

पुढे शिळाप्रेस आला तरी डोळ्याची ही गरज तशीच राहिली. आपल्याकडे पुण्यास १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने चित्रशाळा निघाली. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत आपला छापखाना काढला आणि तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. या छापखान्यांतून निघालेल्या देवदेवतांच्या तसबिरी घरोघरच्या भिंतींवर आल्या. अशा एका तसबिरीला अनेक शिळा लागत, प्रत्येक रंगाची निराळी. मूळ चित्राकडे पाहून शकुंतलेच्या गालावर गुलाबी किती आणि तपकिरी किती हे मनाशी फोडावयाचे, आणि त्या त्या शिळेवर तेवढेच उतरवावयाचे, हे काम कारागीर करीत. चित्रकाराचे नाव सर्वांना ठाऊक आहे. हा हिशेब ज्यांनी केला त्यांची नावे आज कोण सांगेल?

या फोडणीला शास्त्राचा आधार १८६१ मध्ये मिळाला. जेम्स क्लार्क मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये एका रंगीत फितीची तीन छायाचित्रे दाखविली. ती थॉमस सटन या छायाचित्रकाराने तांबड्या, हिरव्या व निळ्या गाळणीतून घेतली होती. तीन दिव्यांनी, त्याच गाळण्या लावून, ती एकाच पडद्यावर टाकली तेव्हा फीत रंगांत उमटली. आजच्या संगणकाचा पडदा नेमके हेच करतो. कागदावर मात्र उलटा न्याय चालतो. तेथे शाई प्रकाश देत नाही, प्रकाश गिळते. तांबडा गिळणारी सायन, हिरवा गिळणारी मॅजेंटा आणि निळा गिळणारी पिवळी, अशा शायांचा मार्ग फ्रान्समधील लुई ड्यूको द्यू ओरों याने १८६९ पर्यंत मांडून दाखविला. १८८० नंतर जाळीच्या ठिपक्यांनी छाया छापण्याची हाफटोनची रीत रूढ झाली आणि तीन रंगी ब्लॉकांचा धंदा उभा राहिला. आमच्या दादासाहेब फाळक्यांनी रविवर्मा छापखान्यासाठी काम केले, मग स्वतःचा एन्ग्रेव्हिंगचा व छपाईचा धंदा काढला, आणि रंगीत छपाईची विद्या व यंत्रे मिळविण्यासाठी १९०९ मध्ये ते जर्मनीस गेले. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये आला. त्याआधीचे फाळके हे प्रोसेसवाले होते, हे आपण विसरता कामा नये.

आता कोणी म्हणेल की कॅमेऱ्याने रंग वेगळे केले म्हणजे डोळ्याचे काम संपले. तसे झाले नाही, आणि याचे कारण शाईत आहे. सायन शाईने केवळ तांबडा प्रकाश गिळावा, पण ती थोडा हिरवा आणि थोडा निळाही गिळते. मॅजेंटा शाई निळा गिळते. म्हणजे प्रत्येक शाईत दुसरीची भेसळ असल्यासारखे होते. तिन्ही एकावर एक चढविल्या तर काळा न होता गढूळ तपकिरी होतो. म्हणून चौथी काळी शाई. या साऱ्या चुकांची भरपाई प्रोसेस खात्यातला रीटचर करी. फिल्मवरील टिंबे रसायनाने कुरतडून तो लहान करी, एवढीशी की गालावरचा लाल पाच टक्क्यांनी उतरावा. कोठे फिल्मवर दुसरी पातळ फिल्म मास्क म्हणून घाली. हे शिकण्यास वर्षे लागत. आमच्या ओळखीच्या एका वृद्ध रीटचरांनी आम्हांला त्याची सूत्रे सांगितली होती. छपाईत राखाडी हवा असेल तर सायन इतर दोहोंपेक्षा थोडा जास्तच ठेवावा लागतो. चेहऱ्यात मॅजेंटा पिवळ्याच्या पुढे गेला की माणूस उन्हात भाजल्यासारखा दिसतो. ही सूत्रे त्यांना मशीनवरून उतरलेल्या कागदांनी शिकविली होती.

अमेरिकेत कोडॅक कंपनीतील मरे आणि मोर्स यांनी १९३७ च्या सुमारास हा हिशेब प्रथम विजेच्या यंत्रात घातला. तेथून स्कॅनरचा वंश सुरू झाला. जर्मनीतील हेल आणि इंग्लंडमधील क्रॉसफिल्ड यांचे स्कॅनर पुढे जगभर गेले. त्यांच्या खुंट्या फिरवून सायनमधली जी भेसळ काढता येई, ती रीटचर हाताने काढीत असलेलीच भेसळ होती. ब्रिटनमध्ये या कारागिरांची स्लेड नावाची स्वतंत्र संघटना १८८५ पासून होती. १९८२ मध्ये ती मुद्रण कामगारांच्या मोठ्या संघटनेत विलीन झाली. यंत्राने धंद्यांच्या जुन्या सीमा पुसल्या की संघटनांच्या सीमाही पुसतात, हे आम्ही येथेही पाहिले.

याच सुमारास संगणकावर थेट रंगकाम करण्याचे प्रयोग चालू होते. कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात रिचर्ड शूप याने १९७३ मध्ये 'सुपरपेंट' चालवून दाखविले. तेथेच काम केलेल्या अल्वी रे स्मिथ याने तीन प्रकाशांच्या संख्या चित्रकाराच्या भाषेत बसविल्या: रंग कोणता, गडदपणा किती, उजळपणा किती. हे त्याने १९७८ मध्ये प्रसिद्ध केले. आज रंग निवडण्याची जी चौकट आपल्यापुढे उघडते तिच्यात हीच मांडणी असते. त्यानंतर फोटोशॉप आले. मिशिगन विद्यापीठात शिकणाऱ्या थॉमस नोल याने ते १९८७ मध्ये लिहावयास घेतले, भाऊ जॉन त्यात मिळाला, आणि १९९० मध्ये अडोबी कंपनीने ते बाजारात आणले. त्यांच्या वडिलांची घरी डार्करूम होती आणि थॉमस तेथे हात काळे करून शिकलेला होता. म्हणूनच फोटोशॉपातील अवजारांकडे नीट पाहा. उजळ करण्याच्या अवजाराचे चिन्ह म्हणजे काडीवर लावलेली चकती. डार्करूममध्ये प्रकाश अडविण्यास ती वापरीत. गडद करण्याच्या अवजाराचे चिन्ह म्हणजे प्रकाश एकाच जागी सोडण्यासाठी वळविलेला हात. आणि चित्र रेखीव करण्याच्या आज्ञेला 'अनशार्प मास्क' असे उलटे नाव का, असा प्रश्न पुष्कळांस पडतो. मूळ चित्राची मुद्दाम अस्पष्ट केलेली फिल्म मूळावर ठेवली की कडा उठून दिसतात, ही प्रोसेस खात्याची युक्ती होती. नाव तिचेच राहिले. रीटचर घरी गेला, त्याची अवजारे पडद्यावर बसून राहिली.

'घरी गेला' हे आम्ही अलंकार म्हणून म्हणत नाही. १९९० नंतरच्या दहा वर्षांत मुंबईतील प्रोसेसची खाती एकामागून एक बंद झाली. एका ठिकाणी आठ रीटचरांपैकी दोघे राहिले. हिशेब देताना मालकाने नोकरीची वर्षे मोजली. कसब मोजण्याचा रकाना त्या कागदावर नव्हता. त्या दोघांपैकी एकाने नव्या ऑपरेटरांना पडद्यावरील टक्के वाचावयास शिकविले आणि त्या कामाचा वेगळा पैसा त्याला मिळाला नाही.

आता संख्यांच्या मुळाशी जाऊ. पडद्यावरचा तांबडा म्हणजे नेमका कोणता तांबडा, हे कोणी तरी ठरवावे लागते. आज आंतरजालावर आणि फोनवर सर्वाधिक चालणारे माप १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनी मांडले. ते उभे आहे १९३१ च्या आंतरराष्ट्रीय मापावर. आणि १९३१ चे माप कशावर उभे आहे? इंग्लंडमधील डेव्हिड राइट यांनी १० आणि जॉन गिल्ड यांनी ७ माणसांना बसवून रंग जुळवून घेतले होते, त्या १७ माणसांच्या डोळ्यांवर. माणसाचा डोळा बहुतांशी सारखाच असल्यामुळे ते माप आजवर टिकले, हे मान्य केले पाहिजे.

परंतु डोळा सारखा असला तरी 'चांगले चित्र' कशाला म्हणावे हे सारखे नसते. कोडॅक कंपनी रंगीत छायाचित्रे काढणाऱ्या प्रयोगशाळांना नमुन्याचे कार्ड पाठवीत असे. त्यावर गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र असे. धंद्यात त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिचा वर्ण बरोबर उतरला म्हणजे यंत्र बरोबर. काळ्या माणसांचे चेहरे त्यात बुडत. कॅनडातील संशोधिका लॉर्ना रॉथ यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सांगितले आहे की गडद तपकिरी छटा नीट याव्यात म्हणून कंपनीवर जो दाब आला, त्यात चॉकलेटचे आणि लाकडी सामानाचे धंदेवाले होते. माणसाच्या कातडीसाठी जे सुचले नाही ते कपाटाच्या लाकडासाठी सुचले! निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रियांचे कार्ड १९९० नंतर आले. २०२२ मध्ये एलिस मंक या समाजशास्त्रज्ञाची वर्णांची १० पायऱ्यांची मोजपट्टी गूगलने स्वीकारली. आणि आमच्याकडे? स्टुडिओत येणारा बाप सावळ्या मुलीचा फोटो देऊन 'थोडी उजळ करा' म्हणतो, आणि ऑपरेटर संख्या वर सरकवितो. तेथे दोष यंत्राचा नाही आणि त्या ऑपरेटरचाही नाही. आमच्या घरातले शर्ली कार्ड आम्हीच छापले आहे.

आता चित्र आपोआप सुधारणारी साधने आली आहेत. ती कशी शिकतात याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. २०११ मध्ये अमेरिकेतील एमआयटी आणि अडोबी यांच्या संशोधकांनी ५,००० छायाचित्रे पाच शिकलेल्या हातांकडून सुधारून घेतली, म्हणजे एकूण २५,००० सुधारणा, आणि त्यांवरून यंत्राला शिकविले. पुढे जगभरच्या संशोधकांनी तो संग्रह वापरला. त्यात त्या पाच जणांची ओळख ए, बी, सी, डी, ई एवढीच आहे. 'सी'ने केलेले चित्र अनेक प्रयोगांत बरोबर उत्तर म्हणून धरतात. मळवलीच्या शिळेपासून येथपर्यंत यंत्र पार बदलले. हिशेब करणाऱ्याला नाव न देण्याची चाल बदलली नाही.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. पडद्यापुढे बसणाऱ्याला 'बटणे दाबणारा' म्हणू नका. तो रीटचरचा वारस आहे, त्याला कुशल कारागिराची श्रेणी आणि कुशल कारागिराचे वेतन द्या. त्याच्या सुधारणांवरून यंत्र शिकणार असेल तर त्याची संमती घ्या आणि मोबदला ठरवा. औद्योगिक शिक्षणसंस्थांत फोटोशॉप शिकविताना शाईचे दोष आणि शर्ली कार्डही शिकवा, म्हणजे आपण कोणाचे माप वापरीत आहोत हे त्या मुलांना कळेल. आणि आपण सर्वांनी पुढच्या खेपेस स्टुडिओत गेल्यावर, मुलीचा चेहरा आहे त्याच वर्णात नीट उतरवून द्या, असे सांगावे. जुन्या रीटचरांच्या लेखी खरे कठीण काम तेच होते, आणि आजच्या ऑपरेटरलाही आपले कसब दाखविण्यास तीच जागा आहे.