जावरच्या जस्ताच्या जुन्या खाणी

आधी नावाचा घोटाळा मिटवू. आम्ही जिथे गेलो ते आपल्या रतलामजवळचे जावरा नव्हे आणि पालघरकडचे जव्हारही नव्हे. हे जावर राजस्थानात, उदयपूरच्या दक्षिणेला साधारण ४० किलोमीटरवर, अरवलीच्या डोंगरांत तिरी नदीच्या काठी आहे. मंडळाच्या हिवाळी सहलीचा विषय निघाला की राजस्थान म्हणजे किल्ले आणि तलाव, एवढेच बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येते. जावरला यातले काही नाही. आहे ती कोरडी, काटेरी वाट, डोंगराच्या पोटातली जुनी भगदाडे आणि मातीच्या जळक्या मुशींचे ढीग. तरीही आपल्या घरांशी या जागेचा जवळचा संबंध आहे.

सुदामा नगरातल्या कुठल्याही जुन्या मराठी घरात माळा उघडला तर एखादे पितळी घंगाळ, डबा किंवा समई निघतेच. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. तांबे माणसाला हजारो वर्षांपासून काढता येते, पण जस्ताने फार दमवले. कारण साधे आहे. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळते आणि त्याच्या खनिजातून ते मोकळे व्हायला याहून जास्त उष्णता लागते. म्हणजे भट्टीत जस्त तयार होते ते थेट वाफ होऊनच. त्या वाफेला हवा लागली की ती जळते आणि हाती पांढरी राख उरते. तांब्यासारखा रस खाली गोळा होतच नाही.

जावरच्या कारागिरांनी यावर काढलेली तोड पाहण्यासारखी आहे. भाजलेल्या खनिजाच्या पुडीत कोळसा, डोलोमाइट आणि मीठ मिसळून त्याच्या गोळ्या करायच्या, त्या वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशीत भरायच्या, तोंडाशी निमुळती नळी बसवायची आणि मूस उलटी, तोंड खाली करून भट्टीत लावायची. आतला माल खाली सांडू नये म्हणून नळीत एक काडी खोचलेली असे. माल तापून एकजीव होईपर्यंत काडी जळून जाई आणि वाफेला वाट मोकळी होई. भट्टीचे दोन मजले असत, मध्ये भोकांची वीटपट्टी. वर आग, खाली थंड खोली. वाफ खाली उतरे आणि तिथल्या भांड्यात धातू होऊन जमा होई. एका भट्टीत अशा ३६ मुशी लागत, सहा ओळींत सहा-सहा.

‘रसरत्नसमुच्चय’ या संस्कृत ग्रंथात जस्त काढण्यासाठी वांग्याच्या आकाराची मूस सांगितली आहे. पूर्वी तो केवळ रसवैद्यांचा प्रयोग वाटे. १९८३ मध्ये बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ, ब्रिटिश म्युझियम आणि हिंदुस्थान झिंक यांच्या पथकाने जुन्या जावरला उत्खनन केले, तेव्हा सात भट्ट्यांची रांगच्या रांग मुशींसकट सापडली. बडोद्याचे प्रा. हेगडे आणि लंडनचे पॉल क्रॅडॉक यांचे काम या बाबतीत मूलभूत मानले जाते. इतक्या मोठ्या प्रमाणावर जस्त गाळणारा याहून जुना कारखाना आजवर ठाऊक नाही. युरोपात ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने याच तत्त्वावर जस्त काढण्याचे पेटंट घेतले ते १७३८ मध्ये. त्याला ही युक्ती भारतातून कळली असे बरेचदा ठासून सांगितले जाते. साम्य आहे खरे, पण थेट धागा सिद्ध झालेला नाही, तेव्हा सभासदांनी व्हॉट्सॲपवर पुढे ढकलताना जरा सबुरी धरावी.

आता वाटेविषयी. हे थरचे वाळवंट नाही, वाळूचे डोंगर शोधू नयेत. पण पावसाळा सरला की डोंगर उघडे पडतात. थोर, खैर, बाभळी आणि पायाखाली सरकणारे धारदार दगड. इथे डोंगराला ‘मगरा’ म्हणतात. मोचिया मगरा आणि जावर माला ही प्रमुख नावे. चढ फार मोठा नाही, पण सावली नाही आणि वाट घसरडी आहे. आमच्यातल्या एका काकांनी चपला घालून यायचा हट्ट केला आणि अर्ध्या तासात ते जावर मातेच्या देवळाशी जाऊन बसले. त्यांचे काही चुकले असे नाही, देऊळ पाहण्यासारखेच आहे. शिवाय राणा कुंभाची मुलगी रमाबाई हिने १४९७ मध्ये इथे विष्णूचे देऊळ आणि कुंड बांधल्याचा शिलालेख आहे. खाणीचा पैसा गावात कसा खेळत होता, ते या देवळांवरून कळते.

जुन्या खाणींची तोंडे गुळगुळीत, गोलसर दिसतात. तेव्हा सुरुंग नव्हते. दगडाला लागून लाकडे पेटवायची, दगड तापून तडकला की घणाने आणि छिन्नीने काढायचा. म्हणून भिंती काजळलेल्या. आतल्या लाकडी शिड्या आणि आधाराच्या लाकडांचे वय दोन हजार वर्षांच्या आसपास निघाले आहे. आधी शिसे आणि चांदीसाठी खणले, जस्ताचा मोठा उद्योग नंतरच्या शतकांतला.

पण सगळ्यात थबकायला लावतात ती पडकी घरे. वापरून झालेल्या मुशी फेकून न देता लोकांनी त्यांच्याच भिंती रचल्या. एकावर एक आडव्या ठेवलेल्या मुशींची गोल टोके ओळीने दिसतात. आमच्याबरोबरच्या एका आजींनी भिंतीवर हात ठेवून विचारले, “एवढी माणसं गेली कुठे?”

उत्तर आपल्याला थोडे अडचणीचे आहे. १८१२-१३ च्या दुष्काळात जावरचे काम थांबले असे कर्नल टॉडच्या लिखाणावरून मानले जाते. (टॉडने या खाणींना कथलाच्या खाणी म्हटले आहे, ती चूक.) पण दुष्काळ एकटा आला नव्हता. त्याआधीची पन्नासेक वर्षे मेवाड खंडणी आणि स्वाऱ्यांनी पिचले होते आणि त्या स्वाऱ्या शिंदे-होळकरांच्या होत्या. जानेवारी १८१८ मध्ये मंदसौरच्या तहाने होळकरांनी राजपूत संस्थानांवरचे हक्क सोडले, त्याच महिन्यात मेवाडनेही इंग्रजांशी तह केला आणि त्याच वर्षी इंदूर होळकरांची राजधानी झाले. आपण इंदूरची मराठी माणसे अहिल्याबाईंचे घाट अभिमानाने दाखवतो, ते योग्यच. जावरच्या ओस पडलेल्या भिंतींसमोर मात हिशेबाचे हे दुसरे पानही वाचावे लागते. खाण बंद पडण्याला मराठ्यांच्या स्वाऱ्याच कारण होत्या असे कोणी सिद्ध केलेले नाही. वाटा नव्हता असे म्हणणेही आम्हाला जमत नाही.

जाणाऱ्यांसाठी. रतलाम, नीमच, चित्तौडमार्गे उदयपूर, तिथे मुक्काम आणि सकाळी लवकर जावर, असा बेत सोयीचा. उदयपूर–हिंमतनगर रेल्वेमार्गावर जावरचे स्थानकही आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ. माणशी किमान तीन लिटर पाणी, जाड तळव्याचे बूट आणि टोपी हवीच. या परिसरात हिंदुस्थान झिंकच्या खाणी आजही चालू आहेत, म्हणून कुठे फिरायचे याची परवानगी आधी घ्यावी. जुन्या भुयारांत पाऊल टाकू नये. उभे खोल खड्डे, सुटे छत आणि कोंडलेली हवा तिथे असते. वटवाघळेही असतात. मुले सोबत असतील तर त्यांचा हात सोडू नका.

आणि मुशी उचलून आणू नका. आमच्यातल्या एका मुलाने एक पिशवीत घातली होती. गाडीत बसताना ती सापडली, तेव्हा सगळी गाडी थांबवून ती जिथली तिथे ठेवून आलो. उशीर झाला, जेवण चुकले, कोणी कुरकुर केली नाही. निदान मोठ्याने नाही.