आभासी संगणकाचे घड्याळ का चुकते?

एकाच सर्व्हरवर अनेक ‘आभासी संगणक’ (व्हर्च्युअल मशीन) चालविण्याची पद्धत आता सर्वत्र रूढ आहे. प्रत्येकात स्वतंत्र कार्यप्रणाली असते आणि संपूर्ण यंत्र आपल्याच ताब्यात आहे, असा तिच्या गाभ्याचा, म्हणजेच कर्नलचा समज असतो. वेळेच्या हिशेबात मात्र हा समज उघडा पडतो.

जुन्या पद्धतीत टायमर ठरावीक अंतराने कर्नलला ‘टिक’ देतो आणि टिक मोजून वेळ ठरते. लिनक्सच्या २.६ या आवृत्तीत (२००३) इंटेल पद्धतीच्या संगणकांवर हे प्रमाण सेकंदाला १०० वरून १००० टिकवर गेले. आभासी संगणकाला प्रोसेसर आळीपाळीने मिळतो. पाळी नसताना आलेले टिक साचतात किंवा गळतात. दहापैकी एक टिक गळाला, तरी तासाभरात घड्याळ सहा मिनिटे मागे पडते.

हा फरक क्षुल्लक नाही. ओळख पटविणारी ‘कर्बेरॉस’ यंत्रणा सर्वसाधारणपणे पाच मिनिटांपर्यंतचाच फरक खपवून घेते. त्यापुढे प्रवेश नाकारला जातो. सायबर गुन्ह्याच्या तपासात नोंदींचा क्रमच चुकला, तर आधी काय घडले हे सांगता येत नाही.

यावर उपाय म्हणून टिक मोजणे मागे पडले. केव्हीएमसारख्या व्यवस्थेत यजमान प्रणाली स्मृतीतील एका सामायिक पानावर तीन गोष्टी लिहून ठेवते : प्रोसेसरमधील गणकाचा आकडा, त्या क्षणाची वेळ आणि गणकाच्या गतीचा गुणक. पाहुणा कर्नल गणक वाचतो, फरकाला गुणकाने गुणतो आणि वेळ काढतो. मधल्या काळात पाळी हुकली, तरी हिशेब बिघडत नाही. आभासी संगणक वेगळ्या गतीच्या यंत्रावर हलविल्यास नवा गुणक लिहिला जातो.

याखेरीज, डेव्हिड मिल्स यांनी १९८० च्या दशकात विकसित केलेल्या ‘एनटीपी’द्वारे घड्याळ प्रमाणवेळेशी जुळविले जाते. यजमानाची दुरुस्ती आणि एनटीपी ही दोन्ही एकाच वेळी घड्याळ फिरवू लागल्यास ते पुढे-मागे हेलकावे खाते. त्यामुळे दुरुस्तीचे काम दोहोंपैकी एकाकडेच सोपविणे श्रेयस्कर.

भारतात ‘सर्ट-इन’ने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार डेटा सेंटर, कंपन्या व सरकारी संस्थांनी आपली घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या वेळेशी सुसंगत ठेवणे बंधनकारक आहे.