उचल न घेतलेली गायिका

मी गाण्यातला जाणकार नव्हे. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटाने केले. म्हणून व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी यंदा गाण्याचा विषय सुचवला तेव्हा मी विचारले, 'राग कोणता, ताल कोणता, असे कोणी विचारणार नाही ना?' ते म्हणाले, 'तुम्ही आपले हिशेबाचे बोला.' तेव्हा आज मी एका गायिकेच्या हिशेबाचे बोलणार आहे.

ॲनी डिफ्रँको हे तिचे नाव. जन्म १९७० चा, अमेरिकेतल्या बफेलो शहरातला. हे ईरी सरोवराच्या काठचे गाव. ईरी कालवा तिथे येऊन मिळतो. धान्याच्या उंच कोठ्या, रेल्वे, आणि शेजारी लॅकवॉना येथे बेथलेहेम कंपनीचा पोलादाचा अवाढव्य कारखाना. डिसेंबर १९८२ मध्ये कंपनीने तिथले पोलाद बंद करण्याचे जाहीर केले आणि पुढच्या वर्षी भट्ट्या विझल्या. १९८२ हे साल मुंबईकराला कोणी सांगायला नको. त्याच वर्षीच्या जानेवारीत अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले होते. मी तेव्हा लालबागच्या चाळीत बारा वर्षांचा होतो. माझी शाळा सुटली ती त्याच वर्षी. बाई माझ्याच वयाच्या. दोन्ही गावांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. पण धुराडे थंड झाल्यावर रस्त्यात माणसे कशी उभी राहतात, ते आम्ही दोघांनी एकाच वयात पाहिले असणार.

नवव्या वर्षी या मुलीच्या हाती गिटार आली. मायकेल मेलड्रम नावाच्या गावातल्याच गायकाने तिला हाताशी धरले. पंधराव्या वर्षी कायद्याने सज्ञान ठरून ती एकटी राहू लागली, आणि छोट्या जागांत स्वतःची गाणी गाऊन पोट भरू लागली. गाण्याची जात सांगायची तर तीन धाग्यांची वीण म्हणावी. पहिला लोकगीताचा, म्हणजे एक माणूस, एक वाद्य आणि सांगण्यासारखी हकीकत. दुसरा ब्लूजचा, दक्षिणेतल्या गुलामांच्या वंशजांनी शेतात आणि तुरुंगात घडवलेले हे गाणे. तिसरा रोजच्या बाजारातल्या चालीचा. पण खरी ओळख वादनाची. तारांचे नेहमीचे सूर मोडून निराळे लावायचे, आणि तारा छेडण्यापेक्षा ताशासारख्या बडवायच्या. नखे तुटतात म्हणून बोटांवर खोटी नखे बसवून ती वायरमनच्या काळ्या चिकटपट्टीने बांधायची. ही चिकटपट्टी मला फार आवडली. हत्यार टिकत नसेल तर कामगार असाच काहीतरी जुगाड करतो.

आता हिशेब. मोठी तबकडी कंपनी नव्या गायकाला आगाऊ रक्कम देते. ती बक्षीस नसते. ध्वनिमुद्रणाचा आणि इतर पुष्कळसा खर्च त्याच्या खात्यावर मांडला जातो, त्याच्या वाट्यातून तो फिटेपर्यंत हाती पैसा येत नाही, आणि फिटल्यावरही मूळ मुद्रण बहुधा कंपनीच्याच मालकीचे राहते. आपल्या ऊसतोड कामगाराला हे समजावून सांगावे लागणार नाही. मुकादमाची उचल म्हणतात ती हीच. फक्त इथे कोयत्याच्या जागी गिटार. बाईंनी ती उचल घेतली नाही. १९९० मध्ये त्यांनी बफेलोत 'राइटियस बेब' नावाची स्वतःची कंपनी काढली आणि कॅसेटी गाण्याच्या जागीच विकल्या. गावोगाव हिंडून श्रोता जोडला. पुढे मोठ्या कंपन्या दाराशी आल्या, त्यांना नकार मिळाला. १९९७ च्या 'लिव्हिंग इन क्लिप' या संग्रहाला तर सुवर्ण तबकडीचा दर्जा मिळाला. छपाईची कामे शक्य तितकी बफेलोतच दिली. दिलेर व्यवहार म्हणायचा.

त्याच साली 'मिझ' या स्त्रियांच्या मासिकाने त्यांचा गौरव केला. एका गाजलेल्या गायकमंडळापेक्षा या बाई दर प्रतीमागे जास्त कमावतात, असे कारण दिले. बाईंनी मासिकाला जाहीर पत्र लिहिले. माझ्या गाण्याचे, माझ्या विचारांचे माप तुम्हीदेखील पैशानेच घेता काय, असा त्याचा आशय होता. मला एक जुना सत्कार आठवला. करार झाला होता. तीन वर्षांत बायाबापड्या सभेत उभ्या राहून बोलायला शिकल्या होत्या. पण हार घालणाऱ्याने फक्त पगारवाढीचा आकडा वाचला.

तथापि युनियनवाल्याच्या मनात शंका उरतेच. बाईंनी कंपनी काढली, युनियन नव्हे. एक कारागीर आपल्या हत्याराचा मालक झाला. बाकीचे हजारो उचल घेतच राहिले. आणखी एक खर्चाची बाजू आहे, ती झाकणे बरे नाही. २०१३ च्या अखेरीस त्यांच्या गीतलेखनाच्या शिबिरासाठी लुइझियाना राज्यातला नॉटोवे नावाचा वाडा जाहीर झाला. गुलामांच्या श्रमावर चाललेल्या उसाच्या मळ्याचा तो वाडा. काळ्या स्त्रियांनी रोखठोक जाब विचारला, आणि ते बरोबरच होते. ज्यांच्या पूर्वजांकडून ब्लूज घेतला त्यांच्याच वेठीच्या जागी गाणे शिकवायचे? शिबिर रद्द झाले. बाईंचा पहिला खुलासा सारवासारवीचा होता. साधी माफी नंतर आली.

जमेच्या बाजूला मी दोन नोंदी करतो. पहिली युटा फिलिप्स यांची. कोरियाच्या युद्धातून परतलेला, मालगाड्यांतून फिरलेला हा म्हातारा गाणारा १९०५ साली शिकागोत स्थापन झालेल्या 'जगातील औद्योगिक कामगार' या संघटनेचा सभासद होता. ही संघटना १९०९ पासून कामगारांच्या गाण्यांचे लहानसे लाल पुस्तक काढत आली. तिचा गीतकार जो हिल याला १९१५ मध्ये युटा राज्यात गोळ्या घालून मारले गेले. फिलिप्स यांच्या जवळ शंभर तासांवर गोष्टींच्या ध्वनिफिती साठल्या होत्या. त्या बाईंनी ऐकल्या, निवडल्या, त्यांखाली आपले संगीत भरले आणि १९९६ मध्ये आपल्या कंपनीतर्फे काढल्या. १९९९ मध्ये दोघांनी दुसरा संग्रह केला. 'फेलो वर्कर्स' हे त्याचे नाव त्या संघटनेतल्या एकमेकांना हाक मारण्याच्या रीतीवरून घेतलेले. विशीतल्या पोरांनी जो हिलचे नाव प्रथम ऐकले ते या तबकड्यांवरून, असे पुष्कळ ठिकाणी घडले असेल. असले काम उचल घेतलेल्या गायिकेला करता आले असते, असे मला वाटत नाही.

दुसरी नोंद २०१२ ची. १९३१ मध्ये केंटकी राज्यातल्या हार्लन जिल्ह्यात कोळसा खाणींचा संप पेटला होता. शेरीफची माणसे एका संघटकाला शोधत त्याच्या घरात शिरली. तो सापडला नाही. घरात बायको फ्लॉरेन्स रीस आणि मुले होती. ती माणसे गेल्यावर कागद नव्हता म्हणून तिने भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पाठीवर, चर्चमधल्या जुन्या भजनाच्या चालीवर, 'विच साइड आर यू ऑन' हे गाणे लिहिले. एक्क्याऐंशी वर्षांनी डिफ्रँकोबाईंनी त्यातली कडवी आपल्या काळासाठी बदलून ते गाऊन संग्रहाला तेच नाव दिले. बाईंचा आवाज येण्याआधी त्यात बँजो वाजतो. तो नव्वदी ओलांडलेल्या पीट सीगर यांचा आहे.